रविवारी चार ते पाच

८ जानेवारी, सोमवार

आज सकाळी अकरा वाजता चिरंजीव आले आणि माझ्या बाहेरच्या खोलीत दोन उंदीर ठेवून गेले. सोबत स्वतःची मुलगीही ठेवून गेले, पण ते आधी ठरलं होतं. उंदीर ठरलेले नव्हते.

त्यांची बदली एका गावाला, सूनबाईंचं प्रशिक्षण दुसऱ्या गावाला. तीन महिन्यांचा प्रश्न आहे म्हणे. सूनबाई सोडायला आल्या नाहीत, त्यांची गाडी वेगळ्या वेळेची होती. चिरंजीवांनी चहा उभ्यानेच घेतला आणि कप बशीत न ठेवता खिडकीत ठेवला. लहानपणापासूनची खोड.

नात अकरा वर्षांची आहे. घरात तिला मुंगी म्हणतात, कारण ती आवाज न करता इकडून तिकडे जाते. मी चौतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. एका वेळी एकशे वीस मुली सांभाळल्या आणि त्यांतल्या एकीलाही मांजराचं पिल्लू आत आणू दिलं नाही. आता एक मुंगी आणि दोन उंदीर. निवृत्त माणसाची पत काय असते ते यावरून कळावं.

उंदरांची नावं शाई आणि टाचणी. शाई काळी कुळकुळीत. टाचणी राखाडी, पोटाशी पांढरी. महिन्याभराच्या दोघी बहिणी म्हणून दुकानदाराने दिल्या. पिंजरा बुटांच्या खोक्याएवढा. पिंजरा बाल्कनीत राहील, असं मी मुंगीला सांगितलं. संध्याकाळी पाहते तर तिची गादीही बाल्कनीत. पिंजरा आत आला. याला माघार म्हणत नाहीत. गादीला धूळ लागते.

१० जानेवारी, बुधवार

सुताराला बोलावलं. निवृत्त होताना वसतिगृहाने मला किल्ल्यांचं जुनं कपाट भेट दिलं होतं. दोन दारांचं, आत एकशे वीस हुक. चौतीस वर्षं ज्याने पाठ सोडली नाही तेच पुन्हा घरी धाडणं ही व्यवस्थापन मंडळाची विनोदबुद्धी. त्याचे हुक काढून दारांना जाळी बसवायची, आत फळ्या टाकायच्या. जाळीच्या भोकातून बोटाचं टोकही जाता कामा नये, असं मुंगीने बजावलं. डोकं गेलं की अख्खा उंदीर जातो म्हणे.

सुतार म्हणाला, "बाई, उंदीर धरायचे पिंजरे पुष्कळ केले. उंदराला बंगला पहिलाच."

मी त्याला म्हटलं, तोंड कमी आणि रंधा जास्त चालवा. पण काम त्याने चोख केलं. आत कागदाच्या पट्ट्यांचं अंथरूण. लाकडाचा भुसा चालत नाही, त्यांच्या छातीला त्रास होतो. माझ्या जुन्या लोकरी मोज्याचा झोका. विचारून घेतला नव्हता.

१३ जानेवारी, शनिवार

टाचणीला असाध्य रोग झाला आहे हे काल माझ्या ध्यानात आलं. शेपटीखाली दोन गाठी, शरीराच्या मानाने इतक्या मोठ्या की मी चटकन नजर काढून घेतली. मुंगीला काही न सांगता सकाळी टाचणीला डबीत घालून प्राण्यांच्या दवाखान्यात निघाले. दाराशी मुंगी चपला घालून उभी. शनिवारी शाळा नसते हे मी विसरलेच होते.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. माझ्या वसतिगृहातून शेवटी शेवटी बाहेर पडलेल्या मुलींच्या वयाच्या. त्यांनी टाचणीला उताणं केलं, पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, ह्या गाठी नाहीत. हा मुलगा आहे."

मुंगी हसली. आल्यापासून पहिल्यांदा. मी दुकानदारावर घसरले. शेपूट वर करून बघायला त्याला काय धाड भरली होती? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्हीही वर केलं होतंच की. अशा मुलींना मी वसतिगृहात आठवडाभर बगिच्याला पाणी घालायला लावत असे.

हुकूम असा: दोघांना आजच्या आज वेगळं करायचं. पाच आठवड्यांची झाली की उंदरांना दिवस राहू शकतात, भाऊबहीण वगैरे त्यांच्यात काही नसतं. तीन आठवडे शाईचं रोज वजन घ्यायचं. टाचणी अडीच महिन्यांचा झाला की त्याचं ऑपरेशन, त्यानंतर दोघं कायमची एकत्र राहू शकतील. त्या पुढे कसं आणि किती पटकन ते सांगू लागल्या तेव्हा मी म्हटलं, मुलीसमोर पुरे. "तिला माहीत असायला हवं," त्या म्हणाल्या. "योग्य वेळी," मी म्हटलं.

कॉन्व्हेंटात आम्हाला बेडकाचं चित्र काढायला लावत तेव्हा कमरेखाली पाणी दाखवायची पद्धत होती. त्याने माझं काही अडलं नाही.

टाचणी मुलगा निघाला तरी नाव बदलायला मुंगी तयार नाही.

१५ जानेवारी, सोमवार

सुताराने कपाटाच्या मधोमध दुहेरी जाळी घातली, दोन जाळ्यांत चार बोटांचं अंतर. डाव्या दारात शाई, उजव्या दारात टाचणी. टाचणी दोन दिवस जुन्या पिंजऱ्यात काढून आता जाळीशी नाक लावून बसला आहे.

मी स्वयंपाकघरात होते. मुंगी दारात येऊन उभी राहिली. म्हणजे आता दोघांना दोन घरं का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं.

"आणि मी दोन्हीकडे जायचं."

"जा की. तुला कोण अडवतंय?"

"तसंच असतं," ती म्हणाली.

कुणाचं तसंच असतं ते विचारायला हवं होतं. पण दूध उतू जात होतं.

४ फेब्रुवारी, रविवार

तीन आठवडे झाले. शाईचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज घेतलं, बेताबेताने वाढलं. धोका टळला. मुंगीने वजनांची वही केली आहे, अक्षर वळणदार. मला ती दाखवते. मी सात या आकड्यावर टीका केली, तेव्हापासून सात नीट काढते.

चिरंजीवांचा फोन सोमवारी येतो, सूनबाईंचा गुरुवारी. दोघंही मुंगी जेवते का एवढं विचारतात. एकमेकांविषयी चकार शब्द काढत नाहीत. आपसात रोज बोलत असतील, मग माझ्याकडे कशाला चौकशी करतील? सूनबाईंच्या आवाजात सर्दी होती. प्रशिक्षणाच्या जागी हवा वाईट असावी.

१७ फेब्रुवारी, शनिवार

टाचणीचं ऑपरेशन झालं. दोन तास मुंगी बाकावर हातांची घडी घालून बसली होती. परीक्षेच्या निकालालाही मी मुली इतक्या ताठ बसलेल्या पाहिल्या नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी त्याला टॉवेलात गुंडाळून तिच्या हातात दिलं. चार आठवडे दोघांना वेगळंच ठेवायचं. "कारण असं, की आत अजून..."

मी हात वर केला. "समजलं. चार आठवडे."

जखम भरायला वेळ लागतो हे कळायला मला वैद्यकीचं शिक्षण नको. मुंगीने घरी येऊन कागदावर अठ्ठावीस चौकोन आखले आणि कपाटाला चिकटवले. रोज एक चौकोन खोडायचा. शेवटच्या चौकोनात तिने काही काढलं आहे, पण मी जवळ गेले की हात ठेवते.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

टाचणी खात नाही. उकडलेलं अंडं दिलं, वाटाणा दिला, काही नाही. कोपऱ्यात पाठ फिरवून बसतो. डोळ्यांभोवती आणि नाकाशी तांबूस काहीतरी आलं. मी घाबरून दवाखान्यात फोन केला. रक्त नव्हे, ताण आला की उंदरांना असं होतं, त्याच्याशी बोला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मुंगी शाळेत असताना मी कपाटापुढे स्टूल घेऊन बसले आणि बोलले. काय बोलावं कळेना म्हणून वसतिगृहाचे नियम म्हणून दाखवले. सतरा आहेत. अकराव्याला तो पुढे आला आणि त्याने माझ्या बोटाचा वास घेतला.

२५ फेब्रुवारी, रविवार

जखम पार भरली आहे. वर बारीक केसही आले. म्हणजे ज्यासाठी थांबायचं ते झालं. पण मुंगीला सांगून उपयोग नाही, ती चौकोनांशिवाय दुसरं काही मानत नाही. या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे आणि हे मला आज मुळीच सोयीचं नव्हतं. टाचणीची हाडं लागतात हाताला.

माझ्या वसतिगृहात मुलांना खोल्यांच्या जिन्याची पायरीसुद्धा चढता येत नसे. पण रविवारी चार ते पाच भेटीची खोली उघडी असे, आणि दाराशी माझी खुर्ची. चौतीस वर्षं. माझ्या नजरेसमोर कधी काही वावगं घडलं नाही. एकत्र राहणं वेगळं आणि देखरेखीखाली भेटणं वेगळं, हा फरक डॉक्टरांना कळत नाही, त्यांनी वसतिगृह चालवलेलं नसतं.

रविवारी चारला मुंगी पोहायला जाते. मी पलंगावर जुनी चादर अंथरली, खुर्ची ओढली, दोघांना सोडलं. टाचणीला काय आनंद झाला! शाई मात्र विचित्र वागली. उड्या मारत पळायची, मध्येच थबकायची, कान थरथर हलवायची. थंडी वाजली असावी. तो तिच्यामागे. भावंडांचे खेळ असतात. मग तो खाली वाकून स्वतःला चाटू लागला, अशा ठिकाणी की मी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. परत पाहिलं तर सगळं ठीक.

पाच वाजता आपापल्या दारात. टाचणीने रात्रीचं अंडं पूर्ण खाल्लं. मुंगीने त्याच्या नावापुढे "जेवला" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

३ मार्च, रविवार

दुसरी भेट. शाईला शिंगं फुटली आहेत. टाचणी जवळ आला की बाजूला वळून लाथ मारते. गेल्या रविवारी याच बाईसाहेब त्याला पळवत होत्या. मुलींचं हे असंच असतं, मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तरी टाचणी खूश होता. चादर लगेच धुतली.

१० मार्च, रविवार

तिसरी भेट दहा मिनिटांत आटोपली. शाई अंग फुगवून त्याच्यावर धावली. आता भेटी बंद. तसेही सहा दिवस उरले.

शाईची तब्येत मात्र पाहण्यासारखी झाली आहे. माझ्या हातच्या अन्नाने वसतिगृहातल्या काड्याही अशाच भरायच्या.

१४ मार्च, गुरुवार

शाईला शिस्त नाही. झोका फाडला, कागदाच्या पट्ट्या सगळ्या एका कोपऱ्यात ओढून नेल्या. जाळीशी माझा रुमाल वाळत होता, तोही आत खेचून चिंध्या केल्या. त्यांच्यात बसून राहते. मुंगी वजनाची वही घेऊन आली. चार दिवसांत चाळीस ग्रॅम वाढले, म्हणाली. मी म्हटलं, खाते-पिते, वाढणारच. ती वही बंद करून गेली नाही. तिथेच उभी राहिली.

"आजी, शनिवारी डॉक्टरांकडे जायचंच आहे ना?"

"जायचं आहे."

१६ मार्च, शनिवार

सगळं नीट क्रमाने लिहायला हवं.

अठ्ठाविसावा चौकोन मुंगीने सकाळी खोडला. त्यात मोज्याचा झोका होता, झोक्यात दोन शेपट्या. आम्ही दोघांना दोन डब्यांत घालून दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी शाईच्या पोटाला बोटं लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. दिवस भरले आहेत, म्हणाल्या. आज-उद्याकडे पिल्लं होतील. पहिलटकरीण आणि अंगाने लहान, तेव्हा जपावं लागेल.

मग त्यांनी विचारलं, दोघं एकत्र आले होते का.

मी तोंड उघडलं. पण त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या. त्या मुंगीपुढे वाकून गोड आवाजात म्हणाल्या, "तू कधी खेळायला सोडलं होतंस का त्यांना? खरं सांगितलंस तर कुणी रागावणार नाही."

"नाही," मुंगी म्हणाली.

"कडी राहिली असेल चुकून?"

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदार होते ना, मी सांगेन, अशा नजरेने. आणि मी पर्सची चेन लावली. ती लावलेलीच होती.

संध्याकाळी चिरंजीवांना फोन करून कळवावं लागलं. पिल्लं होणार एवढंच मी सांगितलं. बाकी त्यांनी स्वतःच जुळवलं. फोन मुंगीला द्यायला लावला. पलीकडचं मला ऐकू आलं: एवढीशी जबाबदारी तुला पेलत नाही, नियम पाळता येत नाही, मग काय करायचं आम्ही? मग मला म्हणाले, एका निवासी शाळेचा अर्ज आणून ठेवलाच आहे, पुढच्या इयत्तेपासून तिकडेच घालतो, तुलाही त्रास नको.

मला काही बोलायचं होतं. फोनवर खरखर होती.

१७ मार्च, रविवार

मुंगी दोन घास खाऊन उठली. पोहायला गेली नाही. दुपारी मी ओटा पुसत होते तिथे येऊन म्हणाली, "मी नव्हतं सोडलं, आजी."

मी म्हटलं, "बरं. झालं ते झालं."

हे मी लिहून ठेवते, कारण माझ्या वसतिगृहात कुण्या बाईने एखाद्या मुलीला असं उत्तर दिलं असतं तर तिला मी संध्याकाळच्या गाडीने घरी पाठवलं असतं.

कॉन्व्हेंटात आमच्या वर्गातल्या काही मुली शनिवारी पाप सांगायला रांगेत उभ्या राहत आणि मोकळ्या होऊन येत. आम्हा इतरांना ती सोय नव्हती, म्हणून मी डायरी लिहायला लागले. साठ वर्षं झाली. आज पहिल्यांदा वाटतं की वहीत सांगणं म्हणजे कुणालाच न सांगणं.

उद्या सांगेन. शाई सुटली की.

१८ मार्च, सोमवार

सकाळी न्याहारीच्या वेळी शाईने अंग ताणायला सुरुवात केली. कागदावर रक्ताचे दोन थेंब. मुंगीने दप्तर खाली ठेवलं आणि मी शाळेचं नाव काढलं नाही. आठ वाजून दहा मिनिटांनी पहिलं पिल्लू, शेंगेतल्या दाण्याएवढं, लालबुंद. शाईने ते स्वतः साफ केलं. तिला कुणी शिकवलं? साडेनवापर्यंत सात झाली.

मग सगळं थांबलं. पोट कळ देत होतं, बाहेर काही येईना. ती पिल्लांकडे बघेना. कान पांढरे पडले आणि पाय हाताला गार लागू लागले. मुंगीने रबरी पिशवीत गरम पाणी भरलं, ती डब्यात ठेवली, वर फडकं, त्यावर पिल्लं. मी शाईला माझ्या स्वेटरात घेतलं आणि आम्ही टॅक्सी केली. चालकाने विचारलं, काय आहे त्यात? मी म्हटलं, बाळंतीण आहे, खड्डे चुकवा. त्याने चुकवले.

एक पिल्लू आडवं अडकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, आता वाट बघायची म्हणाल्या. अर्ध्या तासात निघालं नाही तर पोट उघडावं लागेल, आणि एवढ्या अशक्त उंदराला भूल सोसेल याची खात्री नाही. पाठीवर हात ठेवून मुंगीला म्हणाल्या, होतं असं, पुढच्या वेळी लक्षात राहील तुझ्या.

आम्ही बाकावर बसलो. समोर घड्याळ. मुंगी पिल्लांच्या डब्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती. तिचे ओठ हलत होते. मग ती माझ्याकडे न बघता बोलली.

"माझ्याकडूनच कडी राहिली असेल. शाई वाचली तर मी त्या शाळेत जाईन. तू बाबांना सांग. तिकडे मी सगळे नियम पाळीन."

मी उठून उभी राहिले. बसून मला ते बोलता आलं नसतं.

"कडी राहिली नव्हती. मी सोडलं त्यांना. तीन रविवार, तू पोहायला गेल्यावर."

डॉक्टरीणबाई आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं. मुंगीने वर पाहिलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

"परवा इथे तू गप्प बसलीस."

"हो."

"काल पण."

"काल पण."

तिने डबा उचलला आणि ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पहिल्या रविवारी शाई उड्या मारत होती का, कान थरथरवत होती का. मी हो म्हटलं. मग तेव्हाच, त्या म्हणाल्या, मादी तयार असली की तसं करते. आणि नराचं ऑपरेशन झालं तरी आधीचं बीज काही आठवडे आत जिवंत असतं. चार आठवडे त्यासाठी होते, जखमेसाठी नव्हे. सगळं दोन-तीन सेकंदांत आटोपतं. मान वळवायचा अवकाश.

त्यांनी हे मुंगीसमोर, सगळे शब्द वापरून सांगितलं. मी हात वर केला नाही.

अकराला दहा कमी असताना आतून त्यांनी हाक मारली. अडकलेलं पिल्लू मेलेलं निघालं. शाई जिवंत. इतकी दमली होती की माझ्या स्वेटराच्या बाहीतून नाकही बाहेर काढेना. पिल्लं तिच्याजवळ ठेवली, तेव्हा तिने डोळे न उघडता त्यांना पोटाखाली ओढलं.

१९ मार्च, मंगळवार

मुंगी बोलत नाही. शाळेतून आल्यावर तिने माझ्या कपाटातून एक वही काढून टेबलावर उघडून ठेवली. वसतिगृहाची नोंदवही, कोरी उरलेली. नाव, मोडलेला नियम, कारण, सही. उशिरा येणाऱ्या मुलींना मी ती भरायला लावत असे. एकदा हिला गंमत म्हणून दाखवली होती.

नाव भरलं. नियम भरला. कारणाशी अर्धा तास बसले. आधी लिहिलं: "टाचणीचे हाल पाहवले नाहीत." ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. खोडलं आणि लिहिलं: "माझ्या नजरेसमोर काही वावगं घडूच शकत नाही, असं मला वाटत होतं. नंतर भीती वाटली, म्हणून गप्प बसले." सही केली.

तिने वाचलं, वही मिटली, घेऊन गेली.

२१ मार्च, गुरुवार

चिरंजीवांना फोन केला. आज खरखर नव्हती. सगळं सांगितलं आणि म्हटलं, तो अर्ज फाडून टाक, ती कुठेही जाणार नाही. तिला हवं असेल तोवर इथे राहील. ते म्हणाले, "आई, तू चुकलीस असं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय."

आता तोंड उघडलंच होतं, म्हणून आणखी एक विचारलं. "तुम्ही दोघं एका घरात राहता का रे?"

राहत नाहीत. ऑक्टोबरपासून. बदली नाही आणि प्रशिक्षणही नाही. मुंगीला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मला सांगायची हिंमत झाली नाही म्हणे. तू खुर्ची टाकून बसली असतीस, म्हणाले.

एकशे वीस मुलींपैकी कोण रडून आली आहे ते मी जिन्यावरच्या पावलांवरून ओळखत असे. आणि सूनबाईंना सर्दी झाली असं लिहून ठेवलं.

जेवताना मी मुंगीला एवढंच म्हटलं, मला कळलं. तिने माझ्या ताटात मीठ वाढलं. न मागता.

१३ एप्रिल, शनिवार

पिल्लं चालू लागली, खाऊ लागली. टाचणीच्या ऑपरेशनला आठ आठवडे झाले. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, पण पिल्लं आधी बाजूला ठेवून, दोघांनाही अनोळखी अशा जागी भेटवा म्हणाल्या. मुंगीने न्हाणीघराची कोरडी फरशी ठरवली आणि दाराशी खुर्ची मांडली. खुर्चीवर ती बसली. मी स्टुलावर.

दोघं नाकाला नाक लावून उभी राहिली. शाईच्या अंगावरचे केस उभे राहिले. टाचणी हळूच उताणा झाला. तिने त्याच्या मानेवर पाय ठेवला आणि त्याचे कान चाटायला घेतले, अगदी आतपर्यंत. टाचणीने डोळे मिटले. संध्याकाळी सुताराने मधली जाळी काढली. नव्या मोज्यात दोघं एकावर एक, दोन शेपट्या बाहेर. हा मोजा मी स्वतःहून दिला.

१४ एप्रिल, रविवार

पिल्लांमधले नर वेगळे काढायची वेळ आली. दुपारी टेबलावर टॉवेल पसरला. मी चष्मा पुसला, भिंग घेतलं. मुंगी नोंदवही घेऊन बसली. एकेकाला उचलायचं, शेपूट वर करायची, नीट बघायचं.

"नर," मी म्हटलं. "मादी. मादी. नर."

"नक्की?" तिने विचारलं.

पुन्हा पाहिलं. "नक्की. लिही."

तीन नर, चार माद्या. नरांसाठी आज चौथ्यांदा सुतार येऊन गेला. आता तो काही विचारत नाही.

चार वाजता चिरंजीव आणि सूनबाई येणार आहेत, दोन वेगळ्या गाड्यांनी. मुंगी कुणाकडे आणि कधी, ते तिच्यासमोर बोलायचं अशी माझी अट आहे. तिने आज पोहणं बुडवलं. केस दोनदा विंचरले. आत्ता आली आणि माझी खुर्ची उचलून तिने बाहेरच्या खोलीत दाराशी नेऊन ठेवली.

"तू इथे बसशील?"

"बसेन."

"पाच वाजेपर्यंत?"

"पाच वाजून गेले तरी."

ती थोडा वेळ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"आणि त्यांचं भांडण झालं, कुणी रडलं, तरी मान वळवायची नाही."

"नाही वळवणार," मी म्हटलं.

खाली पहिली गाडी थांबल्याचा आवाज आला आहे. वही मिटते.